वंशावळीचा शोध: कोणते काम आधी, कोणते नंतर

वंशावळीचे काम बहुतेक घरांत चुकीच्या टोकाकडून सुरू होते. आडनाव एखाद्या सरदार घराण्याचे असले, की माणूस थेट अठराव्या शतकात जाऊन उभा राहतो आणि तिथून खाली उतरत स्वतःपर्यंत पोहोचण्याची खटपट करतो. मधल्या चार-पाच पिढ्यांची नावे सापडली नाहीत, तर ती ऐकीव माहितीने भरून काढतो. दुसरी चूक याहून महाग पडते. पहिल्याच महिन्यात लोक दप्तरखान्यांच्या खेपा घालू लागतात आणि घरात पंच्याऐंशी वर्षांची आत्या आहे, तिच्याजवळ बसायचे मात्र राहून जाते. दप्तर दहा वर्षांनीही जागेवर असण्याची शक्यता बरीच आहे, आत्याच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

म्हणून या कामाचा क्रम एकच आहे: आपल्यापासून सुरुवात करायची, एकेक पिढी मागे जायचे, आणि हातातली पिढी पुराव्याने पक्की झाल्याशिवाय पुढच्या पिढीला हात लावायचा नाही. खालील टप्पे याच क्रमाने घ्यावेत.

टप्पा १: वही आणि क्रमांक

एक जाड वही घ्या आणि प्रत्येक व्यक्तीला क्रमांक द्या. स्वतःला १, वडिलांना २, आईला ३. यापुढे कोणाच्याही वडिलांचा क्रमांक त्या व्यक्तीच्या क्रमांकाच्या दुप्पट आणि आईचा क्रमांक त्याहून एकाने जास्त. म्हणजे वडिलांचे वडील ४, वडिलांची आई ५, आईचे वडील ६, आईची आई ७. भावंडांना त्याच क्रमांकापुढे अक्षर जोडावे; आजोबांचे थोरले भाऊ ४-अ, धाकटे ४-आ. आपल्याकडे एकच नाव घराण्यात पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे नावाने ओळख ठेवली तर दुसऱ्याच आठवड्यात गोंधळ होतो. क्रमांकाने तो होत नाही.

प्रत्येक माहितीसमोर ती कोठून मिळाली, कोणत्या तारखेला मिळाली आणि ती लेखी आहे, ऐकीव आहे की आपला अंदाज आहे, हे तिथल्या तिथे लिहावे. अंदाज पेन्सिलीने लिहावा. ही शिस्त सुरुवातीला जाचक वाटते, परंतु सहा महिन्यांनी ‘हे नाव मला कोणी सांगितले होते’ हा प्रश्न पडला की तिचे मोल कळते.

सावधान: वारसनोंदीसाठी किंवा जातपडताळणीसाठी प्रतिज्ञापत्रावर दिली जाणारी वंशावळ हे वेगळे काम आहे, त्याला कायदेशीर परिणाम आहेत. पेन्सिलीतले एकही नाव त्या कागदावर जाता कामा नये.

टप्पा २: घरातील वडीलधारी माणसे

वयाने सर्वांत मोठ्या आणि प्रकृतीने सर्वांत नाजूक व्यक्तीकडे आधी जावे. पुरुषांकडून जमीन, वाटण्या आणि भाऊबंदकी कळते. नाती, लग्ने, दगावलेली मुले आणि सुनांची माहेरे यांची माहिती मात्र बहुधा स्त्रियांकडेच असते. सासरी आलेल्या आजीला घराण्याचे काय ठाऊक असणार, असे धरून चालणाऱ्यांनी निम्मे घराणे स्वतःच्या हाताने गमावले आहे.

‘आपला इतिहास सांग’ असे विचारू नये. एक जुना फोटो किंवा लग्नपत्रिका हातात द्यावी आणि ‘या कोण?’ एवढेच विचारावे. एका बैठकीत तासाभराहून अधिक वेळ घेऊ नये. परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे आणि त्याच दिवशी वहीत उतरवावे. बोलण्याच्या ओघात आलेली टोपणनावे जशीच्या तशी टिपावीत, कारण सातबाऱ्यावर कधीकधी घरातले कोणालाच न आठवणारे पाळण्यातले नाव असते आणि घरात मात्र सगळे त्यांना ‘आप्पा’ म्हणूनच ओळखत असतात.

वर्ष विचारले तर उत्तर मिळत नाही. घटनेशी जोडून विचारले तर मिळते. बहात्तरच्या दुष्काळात थोरली आत्या नांदायला गेली होती का? कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा धाकटे काका चालते होते का? पानशेत फुटले (१२ जुलै १९६१) तेव्हा बिऱ्हाड पुण्यात होते का? मराठवाड्यात पोलीस ॲक्शन, म्हणजे सप्टेंबर १९४८, ही अशी खूण आहे. त्याआधीच्या पिढीबद्दल ‘मानमोडीत गेले’ असे ऐकायला मिळाले, तर ते १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत वारले असा अर्थ घ्यावा; प्लेगचा उल्लेख आला तर १८९६ नंतरची दोन-तीन दशके डोळ्यांसमोर ठेवावीत.

या टप्प्यात पुढील गोष्टी मिळवायच्याच: मूळ गाव (तालुक्यासह), कुलदैवत व कुलस्वामिनी कुठली, पूर्वीचे आडनाव वेगळे होते का, घरात कोणी दत्तक गेले किंवा आले का, आणि जमीन कोणाच्या नावावर होती. देव्हाऱ्यात टाक असतील तर कोणता टाक कोणाचा, हेही विचारावे, कारण काही घरांत देवांबरोबर पूर्वजांचेही टाक असतात.

पडताळा: दोन वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांच्या अपरोक्ष, तेच नाते तसेच सांगितले आहे का?

टप्पा ३: घरातले कागद

आता ट्रंक उघडावी. जुन्या लग्नपत्रिका हा सर्वांत दुर्लक्षित पुरावा आहे. ‘ज्येष्ठ चिरंजीव’, ‘द्वितीय कन्या’, ‘कनिष्ठ सुपुत्र’ या शब्दांतून भावंडांचा क्रम कळतो. निमंत्रकांच्या यादीत ज्यांच्या नावामागे ‘कै.’ आहे, ते त्या तारखेपूर्वी वारले होते. एखादीच्या नावामागे आधीच्या पत्रिकेत ‘सौ.’ आणि नंतरच्या पत्रिकेत ‘श्रीमती’ असेल, तर तिच्या पतीचे निधन त्या दोन तारखांच्या मधले असण्याचा संभव मोठा. एका पत्रिकेवरून फारसे हाती लागत नाही, पाच पत्रिका शेजारी शेजारी मांडल्या की घराण्याची एक पिढी उभी राहते.

ज्या घरांत श्राद्धपक्ष होतो तिथे उपाध्यायांसाठी लिहून ठेवलेली पितरांच्या नावांची चिठ्ठी शोधावी. तीत वडील, आजोबा, पणजोबा, तसेच आई, आजी, पणजी आणि आईकडच्याही तीन पिढ्या असतात. पणजीचे नाव जिथे लेखी मिळेल अशा थोड्या जागांपैकी ही एक आहे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. तिथीवरून वर्ष मात्र कळत नाही. आणि पितृपक्षातली तिथी ही मृत्यूची तिथी असली, तरी महिना दुसराच असू शकतो.

याखेरीज वाटणीपत्र, खरेदीखत, दत्तकपत्र, नोकरीचे कागद, शिधापत्रिका, भाड्याच्या पावत्या, पत्रे आणि कुंडल्या. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्यावा. जीर्ण कागदाला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर कधीही करू नये.

टप्पा ४: शाळा आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी

घराबाहेरचा पहिला कागद म्हणजे आजोबा किंवा पणजोबा ज्या प्राथमिक शाळेत गेले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करावा आणि पूर्ण नाव, संभाव्य वर्षे व गाव स्पष्ट लिहावे. उताऱ्यात वडिलांचे नाव, जन्मस्थान, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची तारीख मिळते.

सावधान: जन्मतारीख १ जून असेल तर ती खरी मानू नये. जून महिन्यात शाळेत घालताना वय बसावे म्हणून गुरुजींनी ही तारीख लिहिण्याची पद्धत सर्वत्र होती. अशा तारखेतून अंदाजे वर्षच घ्यावे.

जन्म आणि मृत्यूची सक्तीची एकसारखी नोंद देशभर १९६९ च्या कायद्याने आली, परंतु महाराष्ट्रातल्या गावांत त्याआधीपासून गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते, ठेवले जात असे. जुनी पुस्तके तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव शोधू नये. नोंद बारशाच्या आधीच होत असल्याने तिथे बहुधा बापाचे नाव आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच सापडते. म्हणून बापाच्या नावाने आणि तीन-चार वर्षे मागेपुढे पाहावे.

गोव्यात मूळ असलेल्यांचे काम इथे सोपे होते, कारण पोर्तुगीज राजवटीत १९१४ पासून नागरी नोंदणी सक्तीची होती. त्यामागच्या काळासाठी ख्रिस्ती घराण्यांना चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तके उपयोगी पडतात.

टप्पा ५: महसुली दप्तर

हा सगळ्या कामाचा कणा आहे आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. आजचा सातबारा काढून त्यात पूर्वज शोधणे व्यर्थ आहे. सातबाऱ्यावर वर्तुळात किंवा कंसात दिसणारे फेरफार क्रमांक पाहायचे, त्या क्रमांकाचा फेरफार (गाव नमुना ६, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद) मागवायचा, त्यात आधीच्या खातेदाराचे नाव पाहायचे आणि त्याच्या नावावर जमीन कशी आली याचा आणखी जुना फेरफार मागवायचा. अशा रीतीने एकेक पायरी मागे जायचे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात ही साखळी बहुधा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांपर्यंत पोहोचते. अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारे व फेरफार स्कॅन होऊन महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर आले आहेत, ते आधी पाहावेत. तिथे नसेल तेव्हाच तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यावा.

वारसाच्या फेरफारात किती माहिती दडलेली असते, हे एका नमुन्यावरून पाहू. १९३१ सालचा फेरफार असा आहे असे समजा:

‘खातेदार गणू बिन राघू हे सुमारे दोन वर्षांपूर्वी मयत झाले. त्यांस वारस मुलगे १) धोंडी २) सखाराम, अज्ञान, अ.पा.क. आई भागू कोम गणू, असे आहेत. दुसरे वारस नाहीत. सबब नोंद केली.’

‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको आणि ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. आता ओळ पुन्हा वाचा. गणू साधारण १९२९ ला वारला आणि त्याच्या बापाचे नाव राघू. सखाराम अठरा वर्षांखालचा, म्हणजे १९१३ नंतर जन्मलेला. धोंडी सज्ञान, म्हणजे त्याआधीचा. भागू १९३१ मध्ये हयात होती आणि ती सखारामची आई. ती धोंडीची आई आहे, असे मात्र या कागदात कुठेही म्हटलेले नाही. धोंडी पहिल्या बायकोचा असू शकेल. आणि ‘दुसरे वारस नाहीत’ याचा अर्थ मुली नव्हत्या असा घेणे ही फार मोठी चूक आहे. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा येण्यापूर्वी मुलगे असताना मुलींची नावे सहसा लागतच नसत. १९५६ नंतरच्या फेरफारांत आणि विशेषतः बहिणींनी दिलेल्या हक्कसोडपत्रांत आत्यांची नावे सासरच्या आडनावासह आणि गावासह मिळतात. ज्या शाखा घराला अनोळखी झाल्या आहेत, त्यांच्याकडे जाण्याची वाट तीच आहे.

गट नंबर आणि सर्व्हे नंबर यांत गफलत करू नये. जमिनींच्या एकत्रीकरणानंतर अनेक गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर देऊन १९३० चा फेरफार मागितला, तर दुसऱ्याच कोणाच्या शेताचा कागद हाती येतो. आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून जुना आणि नवा नंबर जुळवून घ्यावा.

जिल्हाही तपासावा. आज सिंधुदुर्गात असलेल्या गावाचे १९८१ पूर्वीचे कागद रत्नागिरी जिल्ह्याच्या नावाखाली असतात. लातूर १९८२ पूर्वी उस्मानाबादेत होते. पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. मराठवाड्यात निजामाच्या अमलातील कागद उर्दूत असतात आणि १९५४-५५ च्या सुमारचे खासरापत्रक (शेतवार जमीनधारकांची नोंद) हा तिथला पक्का पाया आहे. विदर्भात त्याच सुमाराचा अधिकार अभिलेख, म्हणजे हक्कनोंद, पाहावी.

ज्यांच्या घरी जमीनच नव्हती, त्यांनी हा टप्पा सोडून देऊ नये. वतनदार बलुत्यांची आणि महार वतनाची नोंद वेगळ्या पत्रकांत आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द होऊन जमिनी पुन्हा प्रदान झाल्या, तेव्हाच्या कागदांत कुटुंबातील हिस्सेदारांची नावे सापडू शकतात. मुंबईत गिरणीत आलेल्या कुटुंबांना गिरणीच्या नोकरीचे कागद आणि चाळीच्या भाडेपावत्या मूळ गावापर्यंत नेऊ शकतात.

पडताळा: प्रत्येक नव्या पिढीनंतर वयांचा हिशेब मांडावा. बाप आणि मुलगा यांत पंधरा वर्षांहून कमी किंवा आई आणि मूल यांच्या वयात पंचेचाळीसहून अधिक अंतर येत असेल, तर एक पिढी गाळली गेली आहे किंवा दोन माणसे एक झाली आहेत. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रीतीमुळे हे फार घडते. माझ्या स्वतःच्या घराण्यात एकाच नावाचे आजोबा आणि नातू मी एकच माणूस समजलो आणि जवळजवळ वर्षभर चुकीची शाखा वाढवीत राहिलो. एका खरेदीखतावर सही करताना त्या गृहस्थांचे वय एकशे दहा भरू लागले, तेव्हा चूक ध्यानात आली.

टप्पा ६: सन जुळवून घेणे

यापुढच्या कागदांत इसवी सन मिळेलच असे नाही, म्हणून हा हिशेब आधी पक्का करावा. शके असेल तर त्यात ७८ मिळवावेत. परंतु तिथी जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतची असेल तर ७९. शके १८१० च्या माघातली घटना म्हणजे १८८९ सालची, १८८८ ची नव्हे. दख्खनच्या फसली सनात (महसुलासाठी वापरले जाणारे वर्ष) ५९० मिळवले की ते वर्ष मृगाच्या सुमारास कोणत्या इसवी सनात सुरू झाले ते कळते. फसली १३१८ म्हणजे १९०८-०९. मराठेशाहीच्या कागदांतील सुहूर सनात ५९९ मिळवावेत, तेही वर्ष मृगापासूनच सुरू होते.

पडताळा: शकाबरोबर संवत्सराचे नाव लिहिलेले असते. शके १८१० ला सर्वधारी संवत्सर होते. नाव आणि आकडा जुळत नसतील तर आकडा वाचण्यात चूक झाली आहे, असे समजून कागद पुन्हा पाहावा.

टप्पा ७: तीर्थोपाध्ये आणि हेळवी

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया या क्षेत्रांतील उपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. यात्रेला आलेल्या माणसाने आपले, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे आणि मुलांचे नाव स्वतःच्या हाताने लिहिलेले असते. पणजोबांचे अक्षर आयुष्यात पहिल्यांदा पाहायला मिळते ते बहुधा इथेच. मात्र या वह्या गावानुसार आणि आडनावानुसार लावलेल्या असल्याने मूळ गाव ठाऊक नसताना तिथे जाणे म्हणजे प्रवासखर्च वाया घालवणे. त्यासाठीच हा टप्पा सातवा आहे. आपल्या गावाची वही कोणत्या घराण्याकडे आहे हे आधी विचारून घ्यावे, दक्षिणा सन्मानाने द्यावी, फोटोसाठी परवानगी मागावी, आणि निघण्यापूर्वी आपली आजची पिढी सुवाच्य अक्षरात, सुना आणि मुलींसह, त्या वहीत लिहावी.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमाभागातील घराण्यांनी हेळव्यांची चौकशी करावी. पिढ्यान्‌पिढ्या ठराविक घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे हे लोक सुगीनंतर गावोगाव येतात आणि चोपडीतून वंश वाचून दाखवतात. ते आले की सगळे ध्वनिमुद्रित करावे. त्यातील अलीकडच्या पाच-सहा पिढ्या महसुली कागदांशी ताडून घ्याव्यात. त्या जुळल्या तर आधीच्या पिढ्या ‘ऐकीव’ या खुणेसह वहीत घेण्यास हरकत नाही.

सावधान: आडनाव एक, गोत्र एक किंवा कुलदैवत एक म्हणून घराणे एक ठरत नाही. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही तर हुद्द्यांची नावे आहेत. शेजारच्या गावातील त्याच नावाच्या घराण्याशी रक्ताचे नाते नसणे हेच अधिक संभवते. छापील कुलवृत्तांत हाती आला तरी त्यातील आपल्या शाखेचे प्रत्येक नाव आपल्या कागदांशी ताडून पाहावे.

टप्पा ८: मोडी आणि पुराभिलेखागार

एवढे झाल्यावरच मोडीकडे वळावे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे विशेषनामे वाचताना नवशिका आपल्याला हवे तेच नाव वाचतो. म्हणून महत्त्वाचा कागद दोन जाणकारांकडून स्वतंत्रपणे वाचून घ्यावा आणि आपल्याला कोणते नाव अपेक्षित आहे, हे त्यांना आधी सांगू नये.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शाखा आहेत. तिथे ‘आमच्या घराण्याचे कागद दाखवा’ अशी मागणी चालत नाही. गाव, परगणा, वतनाचा प्रकार आणि अंदाजे वर्षे घेऊन जावे लागते, आणि ती टप्पा ५ मधूनच मिळतात. घराण्याला वतन किंवा इनाम नसेल, तर तिथे नाव सापडण्याची शक्यता कमी असते. अशा वेळी मिळालेल्या शेवटच्या पक्क्या नावावर थांबावे.

टप्पा ९: कच्ची प्रत फिरवणे

तीन पिढ्या पक्क्या झाल्या की मोठ्या टाइपात एक तक्ता छापावा आणि ज्यांनी माहिती दिली त्या सर्व वडीलधाऱ्यांना लाल पेनासह नेऊन द्यावा. कागदावर चुकीचे नाव दिसले की माणसाला जे आठवते, ते नुसत्या प्रश्नाने आठवत नाही. घरातील सुनांची माहेरची नावे आणि लहानपणी दगावलेली मुले या तक्त्यात असलीच पाहिजेत. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा आणि आधार क्रमांक मात्र व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रतीत ठेवू नयेत. त्यांची वेगळी प्रत घरात ठेवावी. आलेल्या दुरुस्त्या वहीत नोंदवताना जुनी नोंद खोडून काढू नये, तिच्यावर एक रेघ मारून शेजारी नवी नोंद, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी.